डक लेन वॉर्डाचा स्पष्ट कौल

लोकशाहीत जनतेचा कौल अंतिम असतो, आणि जनता म्हणजे त्या दिवशी ज्यांना दुसरं काही काम नव्हतं ती माणसं, ही गोष्ट आमच्या ब्रॅकनशॉ बरोत, म्हणजे नगरपालिकेच्या हद्दीत, सर्वमान्य आहे. बरोतल्या डक लेन वॉर्डात सहा हजार दोनशे चौदा मतदार. मे महिन्यात कौन्सिलच्या निवडणुकीच्या गुरुवारी त्यांपैकी एक हजार चारशे एकतीस जणांनी मत दिलं. म्हणजे शंभरात तेवीस. कौन्सिलच्या पत्रकात या प्रतिसादाला 'उत्साहवर्धक' म्हटलं होतं (मागच्या खेपेला बावीस होते).

या उत्साहाचा फटका ॲलन टेटलोला बसला.

ॲलन हा हयातभर गालिचे विकून निवृत्त झालेला गृहस्थ. बायको ग्लेनिसला दमा. डॉक्टरांनी समुद्राची हवा सांगितलेली. तेव्हा घर विकायचं, वेल्सच्या किनाऱ्यावर लहानसा बंगला घ्यायचा आणि उरलेलं आयुष्य लाटा मोजत काढायचं, असं ठरलं होतं. गिऱ्हाईकही मिळालं होतं. अशात क्लबाच्या हिरवळीवर लाकडी चेंडू घरंगळवत असताना कीथ प्रॉथेरोनं त्याला गाठलं. कीथ हा 'ब्रॅकनशॉ प्रथम' पक्षाचा चिटणीस. पक्षाच्या नावातच धोरण आलेलं असल्यामुळे वेगळं धोरण ठेवलेलं नव्हतं.

"डक लेनमधून तुझं नाव देऊ का?" कीथनं विचारलं.

"मला काय करावं लागेल?"

"काहीच नाही. सगळ्या वॉर्डांत आपला माणूस आहे असं दिसायला पाहिजे, बस. तिथं हिल्डा ऑर्मरॉड सव्वीस वर्षं बसलीय. तिला कोण हलवतंय?"

"आणि चुकून आलोच निवडून तर?"

कीथ इतका हसला की त्याचा चेंडू भलतीकडेच गेला. अशा उमेदवाराला आमच्याकडे कागदी उमेदवार म्हणतात. त्याचं कर्तव्य एकच, पडणं. ॲलननं ते निष्ठेनं पार पाडायचं ठरवलं. त्यानं एकही पत्रक वाटलं नाही, एकही दार वाजवलं नाही, आणि मतदानाच्या दिवशी चर्चच्या सभागृहात जाऊन, दोऱ्याला बांधलेल्या पेन्सिलीनं, हिल्डाबाईंच्या नावापुढे फुली मारून आला. बाई कामाची होती. चांगल्या माणसाला मत द्यावं, एवढं साधं त्याला वाटलं.

हिल्डाबाईंच्या कामाबद्दल दुमत नव्हतं, आणि नेमकी तिथंच अडचण होती. त्यांनी रस्त्याकडेला झाडं लावली. त्यांवर पाखरं बसली आणि खालच्या मोटारींवर त्याचे परिणाम दिसू लागले. त्यांनी अंधाऱ्या गल्लीत दिवे लावले, तर लोकांच्या झोपायच्या खोल्यांत उजेड पडला. बंद पडलेलं सार्वजनिक स्वच्छतागृह त्यांनी भांडून उघडायला लावलं, आणि तेव्हापासून ते अस्वच्छ असल्याची तक्रार सुरू झाली (बंद होतं तोवर अशी तक्रार एकदाही आली नव्हती). सव्वीस वर्षांच्या लोकसेवेत बाईंनी अशी घरटी एक नाराजी जोडली होती. उलट ॲलननं वॉर्डासाठी काडी हलवली नव्हती, त्यामुळे त्याच्याविरुद्ध बोट दाखवायला कुणाला जागाच नव्हती.

शुक्रवारी सकाळी क्रीडा केंद्रातल्या बॅडमिंटनच्या मैदानावर मोजणी सुरू झाली. आदल्या दिवशीच ग्लेनिस नव्या बंगल्याच्या खिडक्यांची मापं घ्यायला किनाऱ्यावर गेली होती आणि रात्री बहिणीकडे राहिली होती. ॲलन छातीला पक्षाचं फितीचं फूल लावून, जेवायच्या आत घरी जायच्या बेतानं कोपऱ्यात उभा होता. पहिल्या मोजणीत हिल्डाबाई दोन मतांनी पुढे निघाल्या. ॲलन त्यांचं अभिनंदन करायला निघाला, तर कीथनं त्याची बाही धरली आणि फेरमोजणी मागितली. दुसऱ्या मोजणीत ॲलन एका मतानं पुढे. तेव्हा हिल्डाबाईंच्या रहिवासी आघाडीनं फेरमोजणी मागितली. ॲलननंही मागितली, पण उमेदवारानं स्वतःच्या विजयावर हरकत घेण्याची तरतूद नियमांत सापडली नाही.

तिसऱ्या मोजणीत हिल्डाबाईंना सातशे दोन आणि ॲलनलाही सातशे दोन मतं पडली. बदकांच्या हक्कांसाठी उभ्या राहिलेल्या एका सद्गृहस्थांना एकोणीस. बाद आठ. वादग्रस्त मतपत्रिका निवडणूक अधिकारी मिस्टर ओफोरी यांच्यासमोर आल्या. हे अतिशय न्यायी गृहस्थ. एका मतपत्रिकेवर ॲलनच्या नावापुढे ठळक फुली होती आणि बाजूला लिहिलं होतं, 'हा कोण?'

"मतदाराचा हेतू स्पष्ट आहे," मिस्टर ओफोरी म्हणाले. "मत ग्राह्य. उमेदवार ओळखीचा असावा असं कायद्यात कुठेही म्हटलेलं नाही."

"पण साहेब, त्यांना खरंच माहीत नाही मी कोण ते," ॲलन म्हणाला.

"ते बहुतेकांना माहीत नाही, मिस्टर टेटलो. म्हणून का सातशे मतं बाद करू?"

समसमान मतं पडल्यास चिठ्ठ्या टाकाव्यात असा कायदा आहे. कशात टाकाव्यात, याबाबत कायदा मौन पाळतो. केंद्राच्या हरवलेल्या वस्तूंच्या खोक्यात एका लहान मुलाची पोहायची पिवळी टोपी मिळाली. ती कोरडी असल्याची खात्री दोन्ही पक्षांच्या प्रतिनिधींनी बोटं घालून करून घेतली. सारखी घडी घातलेल्या दोन चिठ्ठ्या आत पडल्या. मिस्टर ओफोरींनी मान वर करून, छताकडे बघत हात घातला आणि चिठ्ठी काढून वाचली. डक लेनच्या जनतेनं ॲलन टेटलो यांना विधिवत निवडून दिलं असल्याचं त्यांनी जाहीर केलं. कीथनं वार्ताहराला लगेच सांगितलं, "जनतेला बदल हवा होता. कौल स्पष्ट आहे."

हिल्डाबाई उपाहारगृहात कोपऱ्यातल्या टेबलाशी एकट्या बसल्या होत्या. समोरच्या चहावर साय धरली होती. ॲलन जाऊन उभा राहिला. छातीवरचं फूल त्यानं वाटेतच खिशात कोंबलं होतं.

"हिल्डाबाई, मी तुम्हालाच मत दिलं होतं."

त्यांनी वर पाहिलं. "गाढव आहेस."

"हो."

"मी तुला दिलं."

ॲलन खुर्ची ओढून बसला. (जिज्ञासूंनी पडताळून पाहावं. दोघांनी स्वतःलाच मत दिलं असतं, तरी बरोबरीच झाली असती. सद्भावनेचा निकालावर काडीइतकाही परिणाम झाला नव्हता.)

"का पण?"

"सव्वीस वर्षं, ॲलन. माझ्या नवऱ्याच्या अंत्यविधीला एक माणूस हातात हात घेऊन उभा राहिला. मला वाटलं, सांत्वन करतोय. तर म्हणाला, आमच्या गल्लीतला कचरा दोन आठवडे उचलला नाही." त्यांनी कप बाजूला सारला. "दर खेपेला सोडायचं म्हणते, आणि पक्ष म्हणतो, एवढीच खेप. म्हटलं, स्वतःला एक मत कमी देऊ, तेवढंच मनाला बरं. कुणाला वाटलं होतं असं होईल म्हणून?"

"मग सुटलात की."

"सोडायचं होतं मला," हिल्डाबाई म्हणाल्या. "काढून टाकलेलं नको होतं."

गालिच्याच्या दुकानात असं कुणी बोलत नसे. ॲलन म्हणाला, "मी पद स्वीकारल्याची सही करत नाही. जागा रिकामी होईल, परत निवडणूक लागेल, तुम्ही उभ्या राहा."

"मी नाही आता. आणि तू सही केली नाहीस, तर तुझ्या पक्षाकडून कोण उभं राहील?"

दोघांनी एकदमच दाराकडे पाहिलं. तिथं कीथ वार्ताहराला स्वतःच्या नावाचं स्पेलिंग सांगत होता.

तेवढ्यात ग्लेनिसचा फोन आला. ती घरी यायच्या गाडीत होती आणि खुशीत होती.

"मापं घेतली रे सगळी. समोरच्या खिडकीला निळे पडदे टाकू. पडलास ना?"

"निवडून आलो."

"किती मतांनी?"

"एकाही नाही."

"मग?"

"पोहायच्या टोपीनं." त्यानं झालं ते सगळं सांगितलं. मग त्याच्या मनात एक शंका आली, आणि ती विचारू नये हे कळत असूनही त्यानं विचारली. "ग्लेन, तू निघण्याआधी मत दिलं होतंस ना?"

"मला लवकरची गाडी होती," ती म्हणाली. "आणि तू पडणारच होतास. सगळे तसंच म्हणत होते. दिलं असतं तर हिल्डालाच दिलं असतं."

"माहीत आहे."

"एका मतानं पडला असतास."

"हो."

"आणि तू नाही म्हणालास तर कोण येईल?"

"कीथ."

ग्लेनिस कीथला तो शाळेत असल्यापासून ओळखत होती. "कर सही," ती म्हणाली, आणि मग खोकली. तो खोकला ॲलनला पुढे कितीतरी दिवस ऐकू येत राहिला.

सही झाली. घराचं गिऱ्हाईक परत गेलं, किनाऱ्यावरचा बंगला दुसऱ्यांनी घेतला. ग्लेनिस आता महिन्यातून आठवडाभर बहिणीकडे समुद्राच्या हवेला जाते. ॲलन तिला स्टेशनवर सोडतो आणि परत येताना वाटेत चार माणसं त्याला अडवतात. पदभार घेतल्याच्या पहिल्याच संध्याकाळी दारात एक गृहस्थ हजर झाले.

"मी तुम्हाला मत दिलेलं नाही," ते म्हणाले.

"काही हरकत नाही. हिल्डाबाई चांगल्याच होत्या."

"त्यांनाही नाही दिलं. मी कधीच कुणाला देत नाही. सगळे सारखेच. पण आमच्या फुटपाथची फरशी हलतेय, आणि ती उद्याच्या उद्या बसली पाहिजे."

ॲलननं कोट घातला आणि फरशी बघायला गेला. ती खरोखरच हलत होती. डक लेनमध्ये असे लोक शंभरात सत्याहत्तर आहेत, म्हणजे कुठल्याही पक्षापेक्षा मोठं बहुमत. ॲलनचा निम्म्याहून अधिक दिवस त्यांच्याच सेवेत जातो. मत दिलेली माणसं सहसा येत नाहीत. त्यांना थोडा संकोच वाटत असावा.

या सत्याहत्तर जणांना नावं ठेवण्यात अर्थ नाही. आमच्याकडे मतदान असतं गुरुवारी, आणि गुरुवार कामाचा दिवस. सुट्टीबिट्टी काही नाही. कामावरून थकून आलेल्या माणसानं बूट काढल्यावर पुन्हा घालून लोकशाही वाचवायला जावं, अशी अपेक्षा करणं क्रूरपणाचं आहे. तुमच्याकडचं सरकार मात्र या बाबतीत फार पुढे गेलेलं आहे. मतदानासाठी पगारी सुट्टी देतं म्हणे. हे ऐकून ॲलनला तुमचा मनापासून हेवा वाटला. त्यानं मला एवढंच विचारायला सांगितलंय, की त्या दिवशी लोणावळ्यात खोली मिळायला आधी किती दिवस नाव नोंदवावं लागतं.