धर्माधिकाऱ्यांच्या जागेवर धर्माधिकारी

"अहो, भाजी वाढू का अजून?" चारुशीलाबाईंनी विचारलं.

"सध्या जागा नाही," चिंतामणराव ताटाकडे बघत म्हणाले. "तीन महिन्यांनी येऊन कार्ड ताजं करून जा."

पहिलं वाक्य पोटाबद्दल असेल असं समजून बाई गप्प बसल्या असत्या. दुसऱ्या वाक्याने त्यांच्या हातातली पळी तशीच राहिली. गेल्याच सोमवारी दारात आलेल्या वासुदेवाला चिंतामणरावांनी त्याचं शिक्षण विचारलं होतं. झोप तर दिवाळीपासूनच उडाली होती.

"डॉक्टरकडे चला मुकाट्यानं," बाई म्हणाल्या. "काय करून घेऊन राहिले तुम्ही स्वतःचं?"

चिंतामणराव धर्माधिकारी अमरावतीच्या सेवायोजन कार्यालयात कारकून होते. लोक त्याला नोकरी कचेरी म्हणत आणि तिथे नोकरी मिळते असं समजत. खरं तर तिथे कार्ड मिळायचं. नाव, शिक्षण, पसंतीचं काम लिहायचं. कार्ड तारखेच्या क्रमाने खणात लागायचं. दर तीन महिन्यांनी येऊन त्यावर शिक्का मारून घ्यायचा. कुठे जागा निघालीच, तर सगळ्यांत जुन्या पाच कार्डांना बोलावणं जायचं. १९६३ साली खणात चार हजारांवर कार्डं होती आणि महिन्याला जागा निघत सात-आठ. बाकीच्यांना "जागा नाही" हे सांगायला सरकारने चिंतामणरावांना ठेवलं होतं. बारा वर्षं, दिवसाला शंभर-सव्वाशे वेळा. आधी त्यांना वाईट वाटायचं, मग राग यायचा, आणि आता काहीच वाटेनासं झालं होतं. हे तिसरं सगळ्यांत भयंकर आहे, हे त्यांचं त्यांनाही कळत होतं.

डॉक्टर म्हणाले, "औषध नाही याला. महिनाभर माणसांपासून लांब जा." अकोल्याला अनसूयाताई होती, सख्खी बहीण. तिच्या घरामागे निंबाखाली खाट होती. त्या खाटेच्या नुसत्या आठवणीने चिंतामणरावांचे डोळे भरून आले.

कार्यालयाचे प्रमुख गद्रे साहेब वर्षापूर्वी पुण्याकडून आले होते. नियमाबाहेर ते शिंकतही नसत. "रजा जरूर घ्या, धर्माधिकारी," ते म्हणाले. "पण खुर्ची रिकामी राहणार नाही. बदली माणूस हवा, आणि तो आपल्याच कार्यालयामार्फत, रीतसर. मागणीपत्र भरा."

तेव्हा चिंतामणरावांनी मागणीपत्र लिहिलं, टेबलाच्या अलीकडून पलीकडे सरकवलं, स्वतःच घेतलं आणि पोचेचा शिक्का मारला. मग खणातली पुढची पाच कार्डं उपसली आणि पाच पोस्टकार्डं लिहिली. हात लिहीत होता, डोळे उघडे होते, पण आत कुणी नव्हतं. साहेबांनी सह्या ठोकल्या आणि टपाल गेलं.

तिसऱ्या दिवशी श्रावण पोस्टमन गल्लीच्या तोंडापासूनच ओरडत आला, "धर्माधिकारी काकाले नोकरीच्या मुलाखतीचं बोलावनं आलं हो!" पोस्टकार्ड न वाचता देणं हा त्याला पत्राचा अपमान वाटे.

चिंतामणरावांनी कार्ड उलटसुलट करून पाहिलं. अक्षर त्यांचंच होतं.

गोष्ट अशी, की एक्कावन्न साली नाव नोंदवायला म्हणून ते त्या कचेरीत गेले आणि तिथेच कारकून लागले. नियमाप्रमाणे त्यांचं कार्ड त्याच दिवशी रद्द व्हायला हवं होतं. त्यांनी ते केलं नाही. 'पसंतीचे काम' या रकान्यात त्यांनी लिहिलं होतं, 'शाळामास्तर, शक्यतो खेड्यात'. दर तीन महिन्यांनी ते गुपचूप त्यावर शिक्का मारत. दर वेळी जागा निघाली की आपलं कार्ड ओलांडून मागची पाच काढत. या वेळी थकलेल्या हाताने ओलांडलं नाही, एवढंच झालं.

तोवर गल्लीने आपला निर्णय घेतला होता. शेजारच्या गंगूबाई वाटीभर पिठलं घेऊन आल्या. "दुसरी नोकरी धुंडून राहिले म्हन्जे पयलीवरून काढलंच असन न् वं," त्या चारुशीलाबाईंच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाल्या. "रडू नको, बाई." चारुशीलाबाई रडत नव्हत्या, पण आता त्यांनाही शंका आली. संध्याकाळी पुंजाजी गवळ्याने, उद्यापासून दूध अर्धंच आणू का, असं अतिशय प्रेमाने विचारलं.

मुलाखतीच्या दिवशी पाचांपैकी दोघांना आधीच काम लागलेलं निघालं. तिसरा महिन्यापूर्वीच वारला होता. त्याचा भाऊ पोस्टकार्ड घेऊन आला होता, त्याच्याऐवजी मी चालेन का विचारायला. उरले चिंतामणराव आणि वरूडकडचा नत्थुजी. मॅट्रिक झालेला हा शेतकऱ्याचा मुलगा नऊ वर्षं दर तीन महिन्यांनी पहिल्या गाडीने यायचा, 'पसंतीचे काम: कोणतेही' असलेल्या कार्डावर शिक्का मारून घ्यायचा आणि "बरं सायेब" म्हणून जायचा.

गद्रे साहेबांनी कागद दोनदा वाचले. "पहिला हक्क जुन्या कार्डाचा. तुम्ही पात्र आहात, अनुभवी आहात, हजर आहात. नेमणूक तुमची."

"पण साहेब, मी तर रजेवर चाललोय!"

"जा की. रजा मंजूर आहे. उद्यापासून तुम्ही रजेवर, आणि तुमच्या जागेवर तुम्ही."

"मग अकोल्याला कोण जाईल?"

"तो तुमचा खाजगी प्रश्न आहे," साहेब म्हणाले. मग त्यांनी चष्मा काढला. "नोकरीत असताना कार्ड चालू ठेवलंत, त्याबद्दल मी काही लिहीत नाही. ते आत्ता रद्द केलंत, तर हक्क पुढच्या माणसाकडे जाईल. पुन्हा नोंदवाल तेव्हा मात्र नंबर शेवटून."

चिंतामणराव आपल्या टेबलाशी आले. बाकावरून नत्थुजी उठला. "सायेब, ह्या खेपीले तरी?"

"सध्या जागा—" तोंड आपोआप सुरू झालं आणि थांबलं. त्यांनी आपलं कार्ड हातात घेतलं. खेड्यातली शाळा, सारवलेली जमीन, पाढे म्हणणारी पोरं. बारा वर्षं हे सगळं त्या एका ओळीत राहत होतं. रोज खण उघडला की ते कार्ड दिसायचं, आणि तेवढ्यावर दिवस निघायचा. त्यांनी 'रद्द'चा शिक्का शाईत दाबला आणि कार्डावर मारला. फार वाईट वाटलं. कित्येक महिन्यांनी काहीतरी वाटलं.

"बसा," ते नत्थुजीला म्हणाले.

"महिनाभर का होयना, खुर्ची त भेटली बाप्पा!" नत्थुजीने खुर्चीला नमस्कार केला आणि टोकावर बसला.

अकोल्याला चिंतामणराव निंबाखाली चार दिवस झोपले. अनसूयाताई मधूनमधून नाकाशी बोट धरून श्वास बघून जायची. दुसऱ्या आठवड्यात ते भाजी मागून घ्यायला लागले. तिसऱ्यात शेजारच्या पोरांना पाढे शिकवले. चौथ्यात त्यांना परतीची तारीख आठवली आणि पुन्हा झोप गेली.

परतले त्या सकाळी नत्थुजी खुर्ची सोडून बाकावर बसला होता. गालफडं बसली होती, डोळे तांबारले होते.

"काय नत्थुजी, शिक्का मारायला?"

"नाई सायेब. कार्डात बदल करा लागते." तो जवळ आला आणि हळू बोलला. "पयल्या दिवशी एक बाई आली. मी म्हनलं, जागा नाई. थे म्हने, बरं. मांगून दुसरा आला, थोबी म्हने, बरं. महिनाभर सारे बरंच म्हनून राहिले. त्यायनं शिव्या देल्ल्या असत्या त मले झोप आली असती." त्याने खुर्चीकडे पाठ केली. "मीबी तुमाले नऊ वर्सं बरंच म्हनलो. तुमी काहून नाई सांगतलं, हे असं असते म्हनून?"

महिन्याभराच्या बदलीने कार्ड रद्द होत नसे. चिंतामणरावांनी नत्थुजीचं कार्ड काढलं. "काय बदल करायचा?"

"कोनतंबी काम लिवलं हाये ना? त्याच्या म्होरं लिवा, हे सोडून."

चिंतामणरावांनी लिहिलं, शिक्का मारला. नत्थुजी "बरं सायेब" म्हणायला गेला, जीभ चावली, आणि नुसताच नमस्कार करून वरूडच्या गाडीला निघाला.

बाहेर रांग लागली होती. चिंतामणरावांनी खणातून एक कोरं कार्ड घेतलं. आजची तारीख घातली, स्वतःचं नाव लिहिलं, आणि 'पसंतीचे काम' या रकान्यात वळणदार अक्षरात लिहिलं, 'कोणतेही, हे सोडून'. मग ते कार्ड चार हजार दोनशे अकरा कार्डांच्या मागे, खणाच्या पार टोकाला लावलं आणि रांगेतल्या पहिल्या माणसाला आत बोलावलं.