किलवारा परगण्याची बस आणि तिथला शेजारधर्म

सार्वजनिक वाहतूक टिकते ती शेजाऱ्यांच्या तुसडेपणावर. जिथे माणसं एकमेकांचं तोंड पाहत नाहीत तिथल्या बसगाड्या तुडुंब भरतात. आणि जिथे दयामाया ओसंडून वाहते, तिथे बस रिकामी धावते. (वाहतुकीवरच्या अहवालांत हे सत्य सापडत नाही. अहवाल लिहिणारे आपापल्या गाडीने येतात.)

आयर्लंडच्या पश्चिमेचा किलवारा परगणा या बाबतीत फारच कमनशिबी. सज्जनांचा तिथे नुसता सुळसुळाट. दर मंगळवारी आणि शुक्रवारी ड्रमनाशी गावातून शहराकडे सोळा आसनांची एक बस जाई. ती वेळेवर निघे, आत ऊब असे, आणि चालक फिन्टन मल्वी निर्व्यसनी होता (निदान ईस्टरआधीच्या उपासांत). एवढे सद्गुण एकाच बसमध्ये एकवटल्यावर तिला प्रवाशांची काय गरज? गेल्या तिमाहीत पाच प्रवासी चढले. तिघे वाट चुकलेले जर्मन, एक मेंढी, आणि प्रवासी का नाहीत हे पाहायला आलेला साहेब.

कारण एवढंच की, रस्त्याकडेला माणूस उभा दिसला की गाडी थांबवून त्याला आत घ्यायचंच, असा किलवाऱ्याचा शिरस्ता. आणि बसथांबा म्हणजे तर उभी माणसं हमखास सापडण्याची जागा! बस येईपर्यंत तिथे चिटपाखरू उरत नसे. नकार देता येत नसे असं नाही. पहिला नकार ही रीत, दुसरा हा ताठा, आणि तिसऱ्या नकारानंतर डॉक्टरांना कळवत.

अट्रॅक्टा गिल्हूलीबाईंना मात्र बसच हवी होती. त्यांचे यजमान पॅकी पक्षाघाताचा झटका आल्यापासून शहरातल्या शुश्रूषागृहात होते. पॅकींचा शब्द ओठावर यायला वेळ लागे. एक वाक्य पुरं होईतो चहा निवून जाई. चारचौघांत तर ते नुसते हसून मान हलवत. त्यांना काहीतरी सांगायचं आहे, हे बाईंनी त्यांच्या डोळ्यांत वाचलं होतं. त्यासाठी दोघांना एकान्त हवा होता, आणि शेजाऱ्याच्या गाडीत एकान्ताची सोय नसते. गाडीतून नेणारा शुश्रूषागृहाच्या दारात थांबत नाही. “दोनच मिनिटं डोकावतो” म्हणून आत येतो, आणि दोन मिनिटं (किलवारा मापाने) भेटीची वेळ संपेपर्यंत चालतात.

मंगळवारी बाई थांब्यावर उभ्या राहिल्या. लगेच शेजारच्या डिंफ्ना टोलनची गाडी करकचून थांबली.

“अगं, एवढ्या गारठ्यात काय उभी? बस आत!”

“बस येईलच की गं आता.”

“त्या बसचं काय कौतुक! मी मेलेय का?”

या प्रश्नाला सभ्य उत्तर एकच असतं. बाई गाडीत बसल्या. डिंफ्नाने पॅकींच्या उशाशी बसून स्वतःच्या पित्ताशयाची कथा पूर्वरंग-उत्तररंगासह सांगितली.

पुढच्या खेपेला बाई थांब्यामागच्या झुडपांच्या कुंपणाआड दडून राहिल्या. फादर कॉन्कॅननना झुडपात टोपी दिसली.

“अट्रॅक्टाबाई! पडलात की काय?”

“नाही फादर, उभीच आहे.”

“झुडपात?” फादरांनी मायेने दार उघडलं. “बसा बसा. वाटेत बोलू.”

बाई गाडीत बसत असतानाच मागून रिकामी बस गेली. फिन्टनने सुकाणूवरून एक बोट उचलून रीतसर अभिवादन केलं.

तिसऱ्या खेपेला बाई भल्या सकाळीच येऊन उभ्या राहिल्या. या वेळी थांबला खुद्द फिन्टन, आपल्या खासगी गाडीत.

“मावशी, इतक्या लवकर?”

“तुझ्याच बसची वाट बघतेय रे बाबा.”

“ती आणायलाच चाललोय शहरात. चला, जाता जाता तुम्हाला सोडतो!”

सोडलं, आणि दोनच मिनिटं डोकावलाही. त्या दिवशी बस प्रथमच उशिरा निघाली. थांब्यावर कोणी नसल्याने तक्रार आली नाही.

शेवटी परगणा परिषदेने जाहीर केलं, की प्रवासी नसल्यास बस बंद. ड्रमनाशी पेटून उठलं. सभागृहाबाहेर गाड्या लावायला जागा पुरेना. “बस हा आमचा प्राण आहे!” असा ठराव एकमताने झाला. (प्राण वापरायचा नसतो, असायचा असतो.) मग डिंफ्नाने तोडगा काढला. येत्या मंगळवारी सगळ्यांनी बसने जायचं.

“पण जायचं कुठं?” कुणीतरी विचारलं. प्रश्न बिनतोड होता. शहरात कुणाचंच काही अडलं नव्हतं.

“कुठं म्हणजे? आपल्या पॅकीला भेटायला!”

अट्रॅक्टाबाईंनी टाळ्यांच्या कडकडाटात डोळे मिटले. लोकांना वाटलं, गहिवरल्या.

मंगळवारी बस अशी भरली की सोळा आसनांवर एकतीस सज्जन मावले. बाई आयुष्यात प्रथमच त्या बसमध्ये चढल्या आणि दारापासून शहरापर्यंत उभ्या राहिल्या. शुश्रूषागृहात सारं गाव खाटेभोवती गोळा झालं. पॅकींनी बायकोचा हात धरला. ओठ हलले.

“अ…”

एकतीस जणांनी श्वास रोखला. बाई खाली वाकल्या.

“अ…” पॅकी पुन्हा म्हणाले.

“आमेन!” फादरांनी मदत केली. सगळ्यांनी भक्तिभावाने ‘आमेन’ म्हटलं, कुणी डोळे पुसले. पॅकींनी हसून मान हलवली.

विक्रमी प्रतिसादामुळे बस वर्षभरासाठी वाचली आणि लोक समाधानाने आपापल्या गाड्यांकडे परतले. पुढच्या मंगळवारी डिंफ्नाची गाडी थांबली, तेव्हा अट्रॅक्टाबाई सरळच बोलल्या.

“नको गं डिंफ्ना. मला एकटीला जायचंय. नवऱ्याजवळ एकटीला बसायचंय.”

डिंफ्ना निघून गेली आणि संध्याकाळपर्यंत गावाला कळलं, की अट्रॅक्टाच्या मनावर परिणाम झाला आहे. बायका सफरचंदाचे केक घेऊन आल्या. अशा अवस्थेत तिला एकटं सोडायचं नाही, असं ठरलं, आणि दर मंगळवारी, शुक्रवारी तिच्यासोबत कोण जाणार याच्या पाळ्या लागल्या.

वाचकहो, ड्रमनाशीकरांना हसू नका. ही हकिकत वाचताना तुमचंही अंतःकरण भरून आलंच असेल. ‘बिचारी! आपण तिथे असतो तर आपल्या गाडीतून सोडलं असतं, आणि कुणाला आत फिरकू दिलं नसतं. स्वतः दाराशी उभे राहिलो असतो,’ असं मनात आलं ना? आणि पॅकी शेवटी काय म्हणाला, हे ऐकायला दार किंचित किलकिलं ठेवलं असतं. दोनच मिनिटं.