सोबत चालणारी बाई

आमच्या शेजारचे नाना आधी गुण देतात आणि मग नमस्कार करतात. लग्न असो, बारसं असो, कोणाचा दहावा असो, त्यांच्या खिशातून एक छोटी वही निघते आणि चार रकाने भरले जातात. उपयोग, टिकाऊपणा, देखणेपणा आणि नावीन्य. पहिल्या तिन्हींत माणूस उदार. चौथ्याला मात्र हात असा आखडतो की विचारू नका. माझ्या नणंदेच्या दहाव्याहून परत येताना मला म्हणाले, "बाई, व्यवस्था ऐंशी. पण यामा नवं काय शे?" दहाव्यात काय नवं असणार, तुम्हीच सांगा.

नाना मूळचे शिरपूरकडचे. नोकरी शेतकी खात्यात, आणि खात्याच्या अवजार प्रदर्शनांत हे कायमचे परीक्षक. यावल, पाचोरा, जिथे मांडव पडेल तिथे नाना नांगराला टिचक्या मारत फिरणार. निवृत्त होऊन जळगावात आमच्या कॉलनीत आले, प्रदर्शनं सुटली, पण परीक्षकपण काही सुटलं नाही. त्याची सगळ्यात जास्त झळ कुसुमला बसली. कुसुम म्हणजे त्यांची बायको आणि माझी जिवाभावाची मैत्रीण. तिच्या हातची वरणबट्टी खाऊन पाहुणे ताटावरून उठायचे नाहीत, आणि हे गृहस्थ हात धुता धुता सांगायचे, "चव पंच्याण्णव, नावीन्य चार." ती म्हणायची, "उद्या नावीन्य म्हणून उपाशी ठेवते."

कुसुम गेली त्याला आता तीन वर्षं होतील. नाना रडले नाहीत. निदान मी पाहिलं नाही, आणि मी तेराही दिवस तिथेच होते. वर सव्वा महिना होतो न होतो तोच बाजारातून एक भलंमोठं खोकं घेऊन आले. व्हिडिओ गेमचं यंत्र. दुकानदाराने विचारलं म्हणे, "नातवासाठी का, आबा?" नानांना मूलबाळ नाही. त्यांनी सांगितलं, "मलाच पाहिजे." हे मला समजलं तेव्हा माझं डोकं असं फिरलं की आठ दिवस मी त्यांच्याकडे भाजीची वाटीसुद्धा पाठवली नाही.

नवव्या दिवशी भांडायलाच गेले. म्हटलं, नाना, लोक काय म्हणतील, या वयात हे काय खूळ? ते शांतपणे म्हणाले, "टीव्हीतली माणसं आपापसात बोलतात, बाई. यातली मला विचारतात, आता कुठे जायचं." वाटी दुसऱ्या दिवसापासून सुरू केली.

खेळ आणायचे ते फक्त बड्या कंपन्यांचे, ज्यांच्यावर सिनेमासारखा खर्च होतो तसले. मी विचारलं, छोट्यांनी काय घोडं मारलंय? तर म्हणे, प्रदर्शनात उभी हयात गेली, नावीन्याचं बक्षीस नेहमी खेड्यातल्या मिस्तरीला, आणि मोठ्या कंपनीच्या स्टॉलला नारळ. "मोठ्याकडे कोणी नीट बघतच नाही. सगळे म्हणतात, पैसा आहे म्हणून झालं."

आता हे नीट बघणं म्हणजे काय, ते मी डोळ्यांनी पाहिलंय. पडद्यावर लढाई पेटलेली, चारी बाजूंनी बाण, आणि नाना लढाई सोडून मागच्या शेतात पेरणीची पाभर तपासताहेत. "उलटी जुंपली शे," म्हणून वहीत टिपतात तोवर मागून कोणीतरी येऊन त्यांचं मुंडकं उडवतो. तरी देखणेपणाला अठ्ठ्याण्णव. नावीन्याला सहा, फार तर सात. "डोंगर मोठा केला, तलवार चकचकीत केली. बाकी बठ्ठं जुनं शे." दोन वर्षांत एकही खेळ पास झाला नाही.

आणि मग एका दुपारी चार वाजता माझं दार वाजलं. नाना उभे, हातात वही. "बाई, ब्याण्णव दिले."

"कशाला?"

"नावीन्याला."

मी गॅस बंद करून त्यांच्याकडे गेले. खेळात एक दाढीवाला वैद्य होता, डोंगरापलीकडच्या गावाला औषध घेऊन निघालेला, आणि सोबत गाठोडं घेतलेली एक बाई. वैद्याला नाना चालवत होते, बाई आपली आपण चालत होती. नाना म्हणाले, बघा. त्यांनी वैद्याला भरभर चालवलं, तशी ती भरभर चालली. हळू केलं, तीही हळू झाली. नदीपाशी थांबवलं, तर ती चार पावलं पुढे गेली, वळून बघितलं, परत आली आणि दगडावर टेकली. म्हणाली काहीतरी. नानांनी भाषांतर केलं, "म्हणते, दम खा, घाई नाही."

"बरं, मग?" मी म्हटलं.

"मग काय बाई, हेच."

मला खरंच वाटलं, म्हातारा हातचा गेला.

आमच्या कॉलनीच्या ज्येष्ठ नागरिक मंडळात वर्षातून एकदा नव्या कल्पनेचा सत्कार असतो. शाल, श्रीफळ, मानपत्र. चिटणीस मी. यंदा अध्यक्ष जगन्नाथभाऊंनी यावलच्या एका मिस्तरीचं नाव दिलं होतं. त्याने भंगारातून अशी गाडी केली की तीत केळीच्या घडाला डाग पडत नाही. सगळ्यांना पसंत होतं, विषय जवळजवळ मिटलेला. आणि नानांचा लेखी ठराव आला, हा सत्कार त्या खेळात बाईचं चालणं बसवणाऱ्याला द्यावा, नाव ठाऊक नाही, कंपनीला पत्र लिहून विचारू. अडतीस वर्षं शाळेत शिकवलं मी, असला अर्ज पाहिला नव्हता.

रविवारी सकाळी सभा भरली. नाना यंत्र कापडी पिशवीत घालून घेऊन आले आणि हॉलमधल्या टीव्हीला जोडून बसले. जगन्नाथभाऊ म्हणाले, "नाना, शाल कोणाच्या खांद्यावर घालू? टीव्हीच्या?" हॉल खो खो हसला. मीही हसले, खोटं कशाला सांगू.

नाना उभे राहिले. "हसा. पण ऐका."

"काय ऐकायचं?" जगन्नाथभाऊ म्हणाले. "त्यांच्याकडे पैशाचा ढीग, हजार माणसं कामाला. त्यांनी नवीन केलं तर त्यात काय मोठेपणा? आमच्या मिस्तरीकडे काय होतं?"

"मिस्तरीला अडवणारं तरी कोण होतं, भाऊ? गाडी फसती, तर भंगार परत भंगारात जातं. तिथे हजार माणसं बसलेली. सगळ्यांना लढाई पाहिजे, कारण लढाई खपते. त्यातला कोणीतरी एक उठला असेल आणि म्हणाला असेल, ही बाई वैद्याबरोबर नीट चालली पाहिजे, यासाठी मला वर्षभर द्या. त्याला सगळे हसले असतील. आत्ता तुम्ही हसलात तसे. तरी त्याने ते करून घेतलं. आणि खेळ खेळणाऱ्या शंभरांतल्या नव्वदांना ते दिसणारसुद्धा नाही."

"पण चालणंच ना, नाना?" कोणीतरी मागून म्हणालं. "त्याला नवीन काय म्हणायचं?"

नानांनी खेळ लावला. वैद्याला थांबवलं. बाई पुढे गेली, वळली, परत आली. नाना पडद्याकडे बघतच बोलले. "ही बनवलेली बाई. हिच्यात जीव नाही. तरी हिला कळतं की बरोबरचा मागे राहिला. मला बेचाळीस वर्षं कळलं नाही."

बाकीच्यांना कितपत उमगलं मला माहीत नाही, मला उमगलं. कुसुम आणि नाना रोज संध्याकाळी मेहरूण तलावाकडे फिरायला जायचे, पण त्यांना बरोबर चालताना कोणी पाहिलं नाही. नाना झपाझप पन्नास पावलं पुढे. तिचे गुडघे दुखायचे. मागे ती आणि मी.

मतदान झालं. मिस्तरीला चौदा, खेळाला दोन. एक नानांचं आणि एक माझं. जगन्नाथभाऊंनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्यांच्या मिस्तरीची गाडीच पंक्चर केली. नाना मात्र मुकाट्याने मिस्तरीचं मानपत्र लिहायला बसले, कारण मंडळात अक्षर त्यांचंच चांगलं. मजकुरात एका शब्दाची कसर केली नाही.

सगळे गेल्यावर आम्ही दोघं खुर्च्या आवरत होतो. नाना यंत्राच्या वायरी गुंडाळता गुंडाळता थांबले. "बाई, तुम्ही रोज तिच्यासोबत मागे असायच्या. मी पुढे जायचो, त्याबद्दल ती कधी काही म्हणायची का?"

मी खुर्चीवर खुर्ची चढवली. "तुमचं नावसुद्धा निघायचं नाही. आमच्या गप्पा आम्हाला पुरत नव्हत्या. तुम्ही पुढे गेलात तेच बरं होतं."

"खरं?"

"मी कशाला खोटं बोलेन?"

त्यांचा चेहरा सैल झाला. "मग बरं शे," म्हणाले, पिशवी खांद्याला लावली आणि घरी गेले. मी हॉलला कुलूप लावलं आणि पायरीवर जरा बसले. मला रडू आवरेना.

तलावाच्या अलीकडे रस्ता वळतो, आणि वळणापलीकडे गेलेलं माणूस दिसत नाही. नाना त्या वळणाशी पोहोचले की कुसुम रोज बोलता बोलता थांबायची आणि माझा हात धरायची. "थांब गं, आज बघतील मागे." नाना तसेच वळण घ्यायचे आणि दिसेनासे व्हायचे. मग ती माझा हात सोडायची, "हं, काय सांगत होतीस?" म्हणायची आणि चालायला लागायची.