पाल नसल्याचा खुलासा

"एकट्या माणसाला कोणीही टपली मारून जातं. संघाला हात लावून दाखवा म्हणावं!"

जळगावात पारसमल शेठच्या तेलगिरणीत टेबलावर मूठ आपटून पितांबर महाजन असं म्हणाला, आणि सन अडुसष्टच्या मार्चात 'खान्देश जनसंपर्क अधिकारी संघ' जन्माला आला. सभासद तीन! पितांबर स्वतः अध्यक्ष, धुळ्याच्या एका सूतगिरणीतला हिलाल पाटील चिटणीस, आणि रावेरला केळीवाल्यांच्या सोसायटीत असलेला शालिग्राम चौधरी म्हणजे उरलेली सगळी कार्यकारिणी. मालकाचं नाव लोकांत चांगलं ठेवायचं, हे तिघांचं काम. पण ते गावाला समजेल तर ना! गावाच्या लेखी पितांबर म्हणजे शेठच्या पाहुण्यांना चहा पाजणारा इसम. बायको पुष्पाबाईसुद्धा माहेरी पाचोऱ्याला "ते मॅनेजरच आहेत" असं सांगून वेळ मारून न्यायची. आता मात्र संघ होता. एक अडला की बाकीच्या दोघांनी धावायचं, असं ठरलं.

जूनमध्ये पितांबर अडला. यावलच्या बाजारात भिकुबाई नावाच्या बाईनं वाण्याला विचारलं, "या गिरणीच्या डब्यात पाल निघाली म्हणतात, खरं का हो?" पाल कोणीच पाहिली नव्हती. वाण्यानं तिला उडवून लावलं. विषय संपला!

"संपला तो संपू दे," शेठ म्हणाले. "गप्प बस. याचा बोभाटा झाला तर तुझी नोकरी गेली समज."

"शेठ, तुम्ही निर्धास्त राहा. माझ्या पाठीशी संघ आहे!" म्हणत पितांबरनं धुळ्याला आणि रावेरला तारा ठोकल्या: 'पालीची अफवा. खुलासा करा.'

आणि संघ धावला. अहो, काय धावला! हिलालनं धुळ्याच्या पेपरात पहिल्या पानावर ठळक चौकट छापून आणली: 'पारसमल शेठच्या तेलात पाल नाही!' तेवढ्यानं भागेना म्हणून साक्रीच्या बाजारात दवंडी पिटवली. तिकडे शालिग्राम दूरदृष्टीचा. आज एक पाल म्हणतात, उद्या दोन म्हणतील, असा विचार करून त्यानं 'दोन पाली सापडल्या हे धादांत खोटे' अशी पत्रकं काढली आणि केळीच्या ट्रकांवर डकवून पार इंदूरपर्यंत पोचवली!

साक्रीत दवंडी ऐकून एक म्हातारा शेजाऱ्याला म्हणाला, "पाल नही निंघनी म्हने! मंग काय निंघनं?"

"साप व्हई, आबा!"

संध्याकाळपर्यंत सगळ्या बाजारात पालीचा साप झाला. पितांबरनं लगोलग जळगावच्या पेपरात 'सापही नव्हता' असं छापून टाकलं. दुसऱ्या दिवशी गिरणीच्या दारात परत आलेल्या डब्यांची रांग लागली.

शेठनं त्याला बोलावलं. ते ओरडत नव्हते, म्हणून पितांबर जास्तच घाबरला.

"आईनं पेपर वाचला," शेठ म्हणाले. धनकुंवरबाई म्हणजे पक्क्या जैन, पाणीसुद्धा दोनदा गाळणाऱ्या. "घरातलं तेल बंद केलं आणि उपास धरलाय. पोराच्या गिरणीत जीवहत्या झाली म्हणते!"

"पण शेठ, पाल नव्हती, सापही नव्हता, असंच तर छापलंय!"

"नव्हती तर छापली कशाला, असं ती विचारते. मी काय सांगू तिला?"

लोकांना पटवून देण्याचा पगार घेणाऱ्या पितांबरला शेठनं तो पगार चुकता करून मोकळं केलं. दुपारी तो टेबलाचा खण रिकामा करून घरी आला.

पुष्पाबाईला त्यानं सांगितलं, "आठ दिवस रजा टाकलीय." सासऱ्यांच्या कानावर जायच्या आत दुसरी नोकरी बघायची, असा बेत होता. पोटात मावेना म्हणून खरं काय ते त्यानं एकट्या हिलालला पत्रानं कळवलं, आणि वर बजावलं, 'कोणाला कळता कामा नये.'

चौथ्या दिवशी पहिल्या एस.टी.नं सासरे दारात हजर! कालपर्यंत त्यांना कसलीच खबर नव्हती. त्यांनी पाणीसुद्धा घेतलं नाही. पिशवीतून पेपर काढून लेकीच्या हातात दिला. पुष्पाबाईनं मोठ्यानं वाचलं:

'आमच्या संघाचे अध्यक्ष श्री. पितांबर महाजन यांना नोकरीवरून काढल्याची अफवा साफ खोटी असून, त्यांच्या पाचोऱ्याच्या सासुरवाडीने तिच्यावर मुळीच विश्वास ठेवू नये.'