बापू कंट्रोलरचं बाकडं

बापू कंट्रोलर आमच्याच गावात राहतात, पण तीस वर्षांनंतरच्या.

म्हणजे घर आमच्या गल्लीतच आहे, लाइटबिलही वेळेवर येतं. पण एखाद्याने त्यांना वारूळवाडीचा रस्ता विचारला, की ते सांगणार, "सरळ नदीकडं जा. पायी जायचा पूल लागंल. पुलाच्या अलीकडं डाव्या हाताला कारंजं हाय, त्याला वळसा घातला की पूल चढायचा. पलीकडं वारूळवाडी." मागे एका पाहुण्याने भर उन्हात हे कारंजं बराच वेळ शोधलं आणि घाम पुसत परत आला.

"काका, तिथं पूलच नाही."

"नसणारच. अजून झाला न्हाई."

"मग सांगितलात कशाला?"

"पुढच्या बारीला याल तवा चुकायला नको, पावणं."

माझं झेरॉक्सचं दुकान एसटी स्टँडच्या समोर आहे. त्या पाहुण्याला मी पाणी पाजलं आणि आहे त्या रस्त्याने, आहे त्या पुलावरून पाठवून दिलं. जाताना त्याने हळूच विचारलं, "त्या काकांना घरचं कुणी बघायला असतं ना?"

हा पूल, हे कारंजं आणि बापूंच्या बोलण्यात येणाऱ्या आणखी बऱ्याच गोष्टी एका नकाशात आहेत. आमच्या गावातून मीना नदी जाते. सध्या तिचा उपयोग गटारं सोडायला, जलपर्णी वाढवायला आणि भाव पडला की टोमॅटो ओतायला होतो. काही वर्षांपूर्वी गावातल्या मंडळींनी नदीसमिती काढली. मिठाईवाले अण्णा अध्यक्ष झाले. मी चिटणीस झाले, कारण झेरॉक्सचं मशीन माझं होतं. पुण्याहून एक आर्किटेक्ट मॅडम आल्या. त्या नाकाला रुमाल न लावता काठाने हिंडल्या, त्यामुळे सगळ्यांचं त्यांच्याबद्दल चांगलं मत झालं. त्यांनी तीस वर्षांचा आराखडा करून दिला. पहिली दहा वर्षं गटारं वळवायची आणि पाणी साफ करायचं. पुढची दहा वर्षं काठावर झाडं लावायची आणि जगवायची. शेवटच्या दहा वर्षांत घाट, पायवाट, बाकडी, कारंजं, पूल.

क्रम अगदी बरोबर होता. पण आराखडा ऐकल्यावर समितीतल्या प्रत्येकाने आपल्या वयात तीस मिळवून पाहिले.

बापू तेवढे खूश होते. "आत्ताचं नका बघू राव," ते म्हणाले, "तिसाव्या वर्षाचं बघा."

हे वाक्य तेव्हापासून त्यांच्या तोंडी बसलं. मला त्याचं नवल वाटलं नाही. उभी नोकरी त्यांनी एसटीचे कंट्रोलर म्हणून स्टँडवरच्या चौकशीच्या खिडकीत काढली. न आलेल्या गाड्यांची माहिती ज्याने आयुष्यभर न चिडता दिली, त्याला तीस वर्षं म्हणजे थोडा उशीर.

नोकरी संपली तरी बोलणं खिडकीतलंच राहिलं. समितीची सभा चारला असली आणि अण्णा सव्वाचारला आले, की बापू जाहीर करणार, "सभा पंधरा मिनटं लेट हाय." निमगाव सावा या गावी एका म्हाताऱ्याच्या दहाव्याला गेले, तिथे मुलाचा हात हातात घेऊन म्हणाले, "वेळेवर सुटले." घरच्यांना ते फार आवडलं म्हणे. आणि त्यांची बायको, विमलकाकू, नातू झाला म्हणून चाकणला मुलाकडे गेली, त्याला ते 'तात्पुरती बदली' म्हणतात. नातू आता शाळेत जातो. बदली अजून चालू आहे.

नदीकाठी तर ते आराखड्यातच चालतात. काठावर रिकाम्या क्रेटचे ढीग, चिखल, मधून म्हशी. पण बापू डाव्या कडेने जाणार, कारण मध्ये सायकलसाठी रस्ता आहे. एकदा मी तिथे स्कूटर उभी केली, तर शिट्टी वाजवत आले. शिट्टी नोकरीतली.

"सुनंदाताई, सायकलच्या वाटंत गाडी लावलीत."

मी बघितलं. माझ्या पुढच्या चाकाशी नासक्या टोमॅटोंचा ढीग होता आणि त्यावर एक बकरी उभी होती.

"बापू, हे टोमॅटो आहेत."

"आत्ताचं नका बघू. इथं जास्वंद येणार हाय."

मी स्कूटर हलवली. वाद घालण्यापेक्षा ते सोपं होतं. बकरीला मात्र त्यांनी काही म्हटलं नाही.

असा माणूस एका सभेत आराखड्याच्याच विरोधात उभा राहिला, ती गोष्ट सांगायची आहे.

झालं असं, की पहिल्या टप्प्याचं सगळं काम जमिनीखालचं. पाइप, चेंबर, टाक्या. मॅडमच म्हणाल्या, की लोकांना वर काहीतरी दिसलं पाहिजे, नाहीतर त्यांचा धीर सुटेल. म्हणून काठावर एक छोटं काम आत्ताच करून घेऊ. काय करायचं ते तुम्ही ठरवा. अण्णांचं ठरलेलंच होतं. त्यांना माणसापेक्षा उंच लाल अक्षरांत 'आय लव्ह मीना' पाहिजे होतं, रात्री दिवे लागणारं, पुढे उभं राहून फोटो काढता येणारं. एका सभासदाने शंका काढली, की गावात मीना नावाच्या बऱ्याच बायका आहेत आणि फोटो कोण कुणासाठी काढेल ते आपल्याला सांगता येणार नाही. त्यावर गंभीर चर्चा झाली. शेवटी नावापुढे 'नदी' असं लहान अक्षरांत लिहावं, असं ठरत आलं. मी लिहून घ्यायला पेन उचललं.

तेवढ्यात बापू उठले. "अक्षरं नको. बाकडं करा."

मॅडम हसल्या. "बापू, बाकडी तिसऱ्या टप्प्यात आहेत. तुम्हीच म्हणता ना, तिसाव्या वर्षाचं बघा?"

"बाकड्याचं तसं न्हाई. ते आत्ता पायजे."

सगळे त्यांच्याकडे बघायला लागले. एरवी ते खिडकीतल्या आवाजात बोलतात, सबंध स्टँडला ऐकू जाईल असं. आज मला, शेजारी बसून, कान द्यावा लागत होता.

"अहो, तिथं वास मारतोय," अण्णा म्हणाले. "बसणार कोण?"

"वास मारतोय, ते खरंय. पर तिथं बसलेल्या माणसाला कुणी इचारत न्हाई, का बसलास म्हणून. करंजाच्या झाडाखाली सावली हाय. एकच करा. पाठ टेकायला येईल असं. अन् उन्हाळ्याच्या आत करा."

"पण कुणासाठी?"

"बसणाऱ्यासाठी."

एवढं बोलून ते खाली बसले आणि गुडघ्यावर हात ठेवून जमिनीकडे बघत राहिले. मॅडमनी नकाशा उलगडला. करंजाची झाडं पूररेषेच्या वर आहेत, तिथे दगडी बाकडं ठेवलं तर पुढच्या कामाला अडथळा नाही, असं त्यांनी सांगितलं. अण्णांना वाईट वाटलं, पण बापूंनी काही मागितलेलं त्यांनीही कधी ऐकलं नव्हतं. बाकड्याच्या पाठीवर आपल्या मिठाईच्या दुकानाचं नाव घालायचं, या अटीवर ते तयार झाले.

सभेनंतर घरी जाताना मी बापूंना गाठलं. "आता मला तरी सांगा. बसणारा कोण?"

त्यांनी मागे वळून कुणी येत नाही ना ते बघितलं. मग म्हणाले, "अब्बासभाई."

अब्बासभाईंना मी ओळखत होते. गाड्यांच्या सीटा शिवायचे. एके काळी इथल्या निम्म्या जीपा आणि टेंपो त्यांच्या हातच्या गाद्यांवर फिरत होते. आता नजर अधू झाली आणि काम थांबलं. बायको मागेच वारली. रोज दुपारी ते स्टँडवर बसलेले माझ्या दुकानातून दिसायचे, आणि ते कुठेतरी जायला निघाले आहेत असंच मला वाटायचं. ते रोज कुठे जातात, हा प्रश्न मला पडला नव्हता.

"त्यांची सून शबाना घरी ब्लाउज शिवती," बापू सांगायला लागले. "खोली एकच. दुपारी बायका मापं द्यायला यायच्या, अंगावर घालून बघायच्या. म्हातारा माणूस कुठं जाणार? पोरगी चांगली हाय, तिनं कदी जा म्हणलं न्हाई. हेच आपलं जेवण झालं की उठायचे. पयल्या दिवशी खिडकीशी आले, म्हणले, निरगुडसरची गाडी लागली का? बहीण दिलीय तिकडं. म्या म्हणलं, लागंल, बसा. गाडी आली, गेली, हे बसूनच. दुसऱ्या दिवशी परत तेच. तवा माझ्या ध्यानात आलं."

"मग?"

"मग काय? रोज इचारायचे, रोज म्या सांगायचो. निरगुडसरची गेली, आता पुढची, बसा. फुकट बसलाय असं कुणाला वाटाया नको, अन् त्यांना बी."

रिटायर झाल्यावरही बापू दुपारी स्टँडवर जायचे, ते मी सवयीच्या खाती टाकलं होतं. "गाड्या बघाया जातो," असं ते म्हणायचे. खिडकीत नवीन माणूस आला होता आणि त्याला निरगुडसरचं काही माहीत नव्हतं, म्हणून बापू जाऊन अब्बासभाईंच्या शेजारी बसू लागले होते. पण सभेच्या आदल्या महिन्यात स्टँडचं नव्याने काम निघालं. बाकं उचलली, पत्रे ठोकले, प्रवासी रस्त्याकडेला उभे राहायला लागले. अब्बासभाई कधी बंद दुकानाच्या पायरीवर, कधी पिंपळाच्या मुळांवर टेकायचे. पायरीवरून त्यांना दोनदा उठवलं.

"स्टँड व्हईल चांगलं," बापू म्हणाले. "नदी बी व्हईल. पर अब्बासभाईला म्या कसं सांगू, तिसाव्या वर्षाचं बघा म्हणून?"

बाकडं उन्हाळ्याच्या आत झालं. काळा दगड, पाठीवर अण्णांच्या दुकानाचं नाव आणि खाली 'आमची कुठेही शाखा नाही'. समोर जलपर्णीने झाकलेली मीना. पहिल्या दुपारी बापूंनी अब्बासभाईंना हाताला धरून आणलं. दोघं बसले, आणि बापूंनी त्यांना कारंजं कुठे येणार ते दाखवलं. अब्बासभाईंना दिसतं बेताचंच, त्यामुळे आहे ते आणि होणार ते यांत त्यांना फार फरक पडला नसावा. ते सगळ्याला बरं म्हणाले.

त्यानंतर रोज दुपारी ते दोघं तिथे असायचे. मला मनातून बरं वाटायचं. समितीने इतक्या सभा घेतल्या, त्यातून एका माणसाची तरी सोय झाली.

पावसाळा तोंडावर आला असताना शबाना दुकानात आली. तिला रेशनकार्डाच्या झेरॉक्स हव्या होत्या. मशीन गरम होईपर्यंत मी म्हटलं, "तुझ्या सासऱ्यांची बसायची सोय झाली, चांगलं झालं. आता घरी गिऱ्हाइकं आली तरी अडचण नाही."

"घरी कुठली गिऱ्हाइकं, ताई? मी तर दुकान पेठेत नेलं. दिवाळीच्या आधीच."

"मग घरी?"

"घर दिवसभर मोकळंच असतं. पंखा हाय, खाट हाय. अब्बांना मी लई बार म्हणलं, दुपारचं घरी झोपा, उन्हात जाऊ नका. तर म्हणले, बापूसाबांना यातलं काही बोलू नको. त्यांची बायको पोराकडं गेलीय, दुपारी त्यांच्या घरात बोलायला माणूस न्हाई. मी घरी बसलो तर ते कुणाजवळ बसतील?" तिने कार्ड पदराने पुसून काचेवर ठेवलं. "तुमी बी बोलू नका हां, ताई."

मी दोन्ही बाजू नीट छापून दिल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी दुकानाला कुलूप लावून मी नदीवर गेले. आभाळ भरलेलं होतं. अब्बासभाई बाकड्यावर बसले होते. बापू हात मागे बांधून उभे होते आणि पाणी किती वर आलंय ते बघत होते. मला बघून ते चार पावलं पुढे आले आणि हळूच म्हणाले, "पावसाचं बी यावं लागतं, ताई. आता ह्यांच्या घरी ती बायकांची अडचण. मी न्हाई आलो तर हे एकटं काय करणार?"

हळू म्हटलं तरी तो खिडकीतला आवाज. अब्बासभाईंना ऐकू गेलंच. त्यांनी माझ्या दिशेने मान वळवली. मी काही बोलते का, याची ते क्षणभर वाट बघत असावेत. मी बोलले नाही.

"हां," ते म्हणाले, "लई अडचण हाय घरी." आणि बापूंना बसता यावं म्हणून थोडे सरकले.