राखणदाराचा चेहरा

"ह्यो गुंडाच हाय!" आण्णा म्हणाले. हातातली चहाची बशी त्यांनी कट्ट्यावर टेकवली आणि ते वीतभर उंचीचं प्लॅस्टरचं चित्र उजेडाकडे धरलं. "नाक बग. व्हट बग. गुंडाच!"

"कोण गुंडा?" स्वप्नाने विचारलं.

"दूध संस्थेचा राखणदार गं. दिवसभर गेटवर बसतो त्यो."

स्वप्नाला काही कळेना. लग्न होऊन ती सांगलीहून वडूजजवळच्या या गावात आली, त्याला जेमतेम आठ महिने झाले होते. नवरा, कपिल, कोयनानगरला नोकरीला. तो रविवारचा यायचा. संस्थेत दूध घालायला सासरे आण्णाच जायचे. ते एसटीतले निवृत्त कंडक्टर, त्यांना घरात बसवत नसे. त्यामुळे स्वप्नाने संस्थेचं गेट लांबून पाहिलं होतं, पण गेटवरच्या माणसाचं नाक काही पाहिलं नव्हतं.

सांगलीत मूर्तिकाम शिकलेली स्वप्ना दिवाळीच्या किल्ल्यावर मांडायची चित्रं करायची. आधी शाडूत मूळ चित्र घडवायचं, त्यावरून रबराचा साचा काढायचा, साच्यात प्लॅस्टर ओतायचं आणि मग रंगवत बसायचं. पण या वर्षी सांगलीच्या व्यापाऱ्याने फोनवर तक्रार केली होती. "ताई, मागल्या खेपेला तुमची सगळी चित्रं एका आईची लेकरं दिसत होती. गवळणीला मिशी काढली की झाला वाणी! आताची पोरं लय बारीक बघतात. तोंडाकडं बघितल्यावर माणूस ओळखीचा वाटला पाहिजे."

म्हणून स्वप्नाने तीन महिने नुसत्या तोंडांवर घालवले. वाण्याच्या डोळ्यांखाली पिशव्या आल्या, गवळणीच्या हनुवटीला खळी पडली. आणि पायथ्याच्या बाजाराशी बसवायला तिने एक राखणदार केला. काठीच्या टोकावर हनुवटी टेकून डुलकी घेणारा. तोंड अर्धवट उघडं, खालचा ओठ लोंबता, आणि डावी भुवई जरा वर चढलेली, जणू झोपेतसुद्धा कुणाचा तरी संशय येतोय. हा चेहरा तिने कुणाकडे बघून केला नव्हता. बोटं फिरत गेली आणि तो आपोआप मातीतून वर आला. तिला स्वतःलाच तो फार आवडला होता.

"जरा दावून आनतो," म्हणत आण्णांनी राखणदार दुधाच्या किटलीशेजारी पिशवीत घातला.

संस्थेत तो हातोहात फिरला. "आरं गड्या, डिट्टो गुंडा!" म्हणून लोक खो खो हसले. कुणीतरी फोटो काढला आणि 'आपल्या संस्थेची सुरक्षा व्यवस्था' असं लिहून संस्थेच्या व्हॉट्सॲप गटावर टाकला. त्या गटात चेअरमन लालासाहेबही होते.

लालासाहेब आधीच तापलेले होते. संस्थेच्या रौप्यमहोत्सवासाठी त्यांनी आवारात हौसेने झेंडू लावला होता. चारच दिवसांपूर्वी भर दुपारी कुणाची तरी म्हैस आत शिरून तो खाऊन, वर शेण टाकून गेली होती. गुंडा शपथेवर सांगत होता, "साहेब, मी टक्क जागा हुतो. म्हैस आलीच न्हाई." आता चेअरमनच्या हाती पुरावा आला. दुपारपर्यंत गुंडाला नोटीस मिळाली. सेक्रेटरी ज्ञानूने ती सुवाच्य अक्षरात लिहिली होती: 'आपण कर्तव्यावर असताना झोपलेल्या अवस्थेत चित्ररूपाने आढळून आला आहात. तरी येत्या मीटिंगमध्ये समक्ष खुलासा करावा, अन्यथा कामावरून कमी करण्यात येईल.'

संध्याकाळी ती नोटीस मुठीत चुरगाळून गुंडाची बायको बनुबाई स्वप्नाच्या दारात उभी राहिली.

"तूच का गं ती सांगलीची? माजा मालक झोपतो, ह्ये तुला कुनी सांगितलं?"

"मावशी, मी त्यांना कधी पाहिलंसुद्धा नाही!"

"न बगता एवढं केलंस? बगितलं असतंस तर काय केलं असतंस?"

स्वप्नाने राखणदार आणून बनुबाईच्या हातात दिला. बनुबाईने तो उलटा केला, सुलटा केला, आणि तिच्या कपाळावरची आठी हळूहळू मोडली.

"ह्यो माजा मालक न्हाईच! त्यो पालथा झोपतो. ह्यो तर सेक्रेटरी ज्ञानू! नुसती मिशी न्हाई."

"मग तुम्ही तसं मीटिंगमध्ये सांगा ना."

"मी सांगू? आन त्येनं पुन्यांदा नोटीस लिवली म्हंजी? तूच ह्याचं तोंड बदल. गुंडा नगं, ज्ञानू बी नगं."

स्वप्नाला ते पटलं. चेहरा बदलला की भांडण मिटेल. पण करायचं काय? बनुबाईच्या सांगण्याप्रमाणे ज्ञानूला मिशी आहे, गुंडाला नाही, आणि दोघांच्याही डोक्यावर भरपूर केस. विचार करकरून तिने एका चित्राचे केस खरवडून टक्कल केलं, गालफडं आत घेतली, कानांवर चार पांढरे केस काढले. ओठ आणि भुवई मात्र तिच्याच्याने मोडवेना. तिथेच तर सगळी गंमत होती. रंग वाळल्यावर तिने ते कट्ट्यावर ठेवलं आणि मागे सरली.

कट्ट्यावर भिंतीला टेकून आण्णा डुलक्या घेत होते. चित्र आण्णांच्या शेजारी, आण्णा चित्राच्या शेजारी. स्वप्नाच्या हातातला ब्रश खाली पडला.

त्या आवाजाने आण्णा जागे झाले. त्यांनी चित्र उचललं आणि बराच वेळ निरखलं. "ह्यो कोन गं? कुठंतरी बगितल्यावानी वाटतंय. वडूज-सातारा गाडीला असायचा का?"

"असेल, आण्णा," स्वप्ना म्हणाली आणि घाईघाईने ते चित्र पोत्याखाली दडवलं.

रात्री फोनवर तिने कपिलला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "तू एक कर, फोटो पाठव. मी बघतो कोण ते." तिने मूळ राखणदाराचा पाठवला. पाच मिनिटांनी त्याचा निरोप आला: 'हे तर आमचे साहेब. तुला कुठे भेटले?'

मीटिंगच्या दिवशी स्वप्नालाही बोलावणं आलं. येताना चित्र घेऊन या, असा निरोप होता. दुपारचे दोन वाजले होते. ऑक्टोबरचं ऊन पत्र्यावर तापत होतं, पंखा नुसता आवाज करत होता. चेअरमन एका बारशाला आमटी-पोळीचं जेवण जेवून थेट आले होते. टेबलावर मधोमध मूळ राखणदार ठेवला गेला. समोर गुंडा, हात जोडून. दारात बनुबाई, पदर खोचून. आण्णा स्वप्नाची पाठराखण करायला भिंतीशी उभे.

"बोल," चेअरमन म्हणाले. "ह्यो तू हायस का न्हाईस?"

"साहेब, खरं सांगतो, मला म्हाईत न्हाई," गुंडा रडकुंडीला येऊन म्हणाला. "मी झोपल्यावर कसा दिसतो त्ये मला कसं कळनार? तवा मी झोपल्याला असतो."

हे बोलणं सगळ्यांनाच अडचणीत टाकणारं होतं. सभासद एकमेकांकडे बघू लागले. चेअरमननीही क्षणभर विचार केला.

"मग आत्ता झोप. आमी बगतो."

गुंडाला खुर्ची दिली, काठी दिली. त्याने हनुवटी टेकली आणि डोळे गच्च मिटले. पण अख्खी कमिटी समोर बसल्यावर माणसाला झोप कशी यावी? त्याच्या पापण्या फडफडत होत्या, ओठ पोत्याच्या तोंडासारखा आवळला होता.

"तोंड उगड की रं!" एक सभासद ओरडला. गुंडाने आ वासला.

"एवढं नगं! दात काडायचं न्हाईत तुजं!"

"जमंना बगा, साहेब. भ्या वाटतंय."

"ह्यो गुंडा दिसत न्हाई," कुणीतरी मागून म्हणालं. "मला तर पयल्यापास्नं ज्ञानू वाटतोय."

ज्ञानू ताडकन उठला. "मी? आवं, मी सेक्रेटरी हाय! मी झोपलो तर संस्था कोन चालवंल?"

मग ज्ञानूलाही खुर्चीत बसवलं. मिशीवर हात धरून त्याला डोळे मिटायला लावले. अर्ध्या लोकांना तो पटला, अर्ध्यांना नाही. पुढे दोन सभासद आपणहून बसून आले, उगाच नाव यायला नको म्हणून. जो बसेल तो थोडा थोडा त्या चित्रासारखा दिसायचा आणि उठला की दिसायचा नाही. चेअरमननी सरळ स्वप्नालाच विचारलं, "पोरी, तूच सांग. कोन ह्यो?"

"मला खरंच माहीत नाही हो," स्वप्ना म्हणाली. आता तर तिला समोरचा प्रत्येक माणूस आपल्याच हातचा वाटू लागला होता.

"तुमाला कुनाला झोपताच येत न्हाई!" चेअरमन वैतागले. "सरका. अशी काठी धरायची. अशी हनुवटी टेकायची. अंग सैल सोडायचं. आन डोळं मिटायचं..."

त्यांनी डोळे मिटले. "...आसं," ते म्हणाले. त्यानंतर काहीच म्हणाले नाहीत.

एक मिनिट गेलं. पंखा खडखडत होता. चेअरमनचं तोंड हळूहळू अर्धवट उघडलं. खालचा ओठ लोंबला. मग डावी भुवई, कुणी दोरीने ओढावी तशी, वर चढली.

सगळ्यांनी चेअरमनकडे बघितलं. मग टेबलावर बघितलं. मग पुन्हा चेअरमनकडे.

"आगं आय आय गं..." बनुबाई पुटपुटली. आण्णांनी तिला तोंडावर बोट ठेवून दाखवलं. उठवायची कुणाची छाती होईना. ज्ञानूने प्रोसिडिंग बुक उघडलं, पेनचं टोपण चावलं आणि लिहिलं: 'मा. चेअरमन यांनी प्रकरणावर सखोल चिंतन केले.'

वीस मिनिटांनी ते चिंतन संपलं. चेअरमननी तोंड पुसलं आणि विचारलं, "दिसला का फरक?"

"दिसला, साहेब!" सगळे एका आवाजात म्हणाले.

"मग? गुंडा हाय का?"

"न्हाई, साहेब. गुंडा अजिबात न्हाई."

"मला वाटलंच हुतं," चेअरमन म्हणाले आणि नोटीस मागे घेतली गेली. कोण आहे, हे त्यांनी विचारलं नाही आणि कुणी सांगितलंही नाही.

स्वप्नाला वाटलं, सुटलो. पण दुसऱ्या दिवशी सकाळीच लालासाहेबांची गाडी दारात थांबली. कुणीतरी बोललं असणार, असं तिला वाटलं.

"त्ये चित्र आन," ते म्हणाले. तिने आणलं. त्यांनी ते दोन्ही हातांत धरलं आणि इतका वेळ बघत राहिले, की आण्णा हळूच घरात सरकू लागले.

"पोरी," लालासाहेबांचा आवाज वेगळाच लागला, "राती माज्या ध्यानात आलं, ह्यो कोन हाय त्ये. आमचं आबा. मी सातवीत असताना गेलं. त्येंचा एक फोटो न्हाई आमच्याकडं. आन तू न बगता... मला मोठा पुतळा करून दे. संस्थेच्या दारात बसवू. पर आदी आईला दावूया. चल गाडीत. आण्णा, तुमी बी चला."

गाडीत स्वप्नाने सासऱ्यांकडे बघितलं. आण्णा तिच्या कानाशी कुजबुजले, "त्येचा बा मी बगितलाय गं. लांबुडक्या तोंडाचा हुता. ह्ये काय न्हाईच त्यातलं." मग म्हणाले, "पर तू गप ऱ्हा."

लालासाहेबांच्या बंगल्याच्या पोर्चमध्ये त्यांची आई मनुबाई घेवडा निवडत बसली होती. वय नव्वदीला टेकलेलं, पण नजर शाबूत. लालासाहेबांनी चित्र तिच्या ओटीत ठेवलं.

"आई, बग. वळख, कोन हाय."

मनुबाईने चष्मा वर केला, चित्र नाकाजवळ नेलं आणि बोळक्या तोंडाने हसली. "आगं बया! ह्यो तर लालू!"

"कोन?"

"लालू. तू रं."

"आई, नीट बग. आबा हायत त्ये."

"तुजा बा कवा बसून झोपला? भुईला पाठ लागली की घोरायचा त्यो. ह्यो लालूच. पाळन्यात बी आसाच, तोंड उगडं आन ही एक भिवई वर. माश्या हाकून हाकून हात दुकायचा माजा." तिने अंगठ्याने त्या वर चढलेल्या भुवईवरून हळूच हात फिरवला.

लालासाहेबांनी स्वप्नाकडे बघितलं. स्वप्नाने आण्णांकडे बघितलं. आण्णा समोरच्या गोठ्यातल्या म्हशी मोजू लागले.

"म्हंजी काल मीटिंगमदी..." लालासाहेबांच्या डोक्यात एकेक गोष्ट जुळत चालली होती, तसा त्यांचा आवाज चढत चालला होता. "समद्यांनी बगितलं? आन कुनी बोललं न्हाई? त्यो ज्ञानू बी? थांबा, एकेकाला आत्ताच्या आत्ता..."

"शूऽऽ!" मनुबाईने ओठांवर बोट ठेवलं आणि ओटीतल्या चित्रावर पदर ओढला. "हळू बोल की रं. उठंल न्हवं त्यो."

चेअरमननी पायातल्या चपला आवाज न करता काढल्या आणि ते आईच्या शेजारी पायरीवर गुपचूप बसले.