पाळण्याचा चौथा पाय

"बाजारचा पाळणा या घरात येणार नाही! नातीचा पाळणा आजोबाच करणार!" असं मी सगळ्यांसमोर छाती ठोकून सांगितलं होतं. आणि घरामागच्या खोलीतल्या माझ्या लेथवर तीन पाय कातूनही झाले. काय देखणे! उरला एक. आज पाच वाजता लेक बाळाला घेऊन येणार होती. सकाळी सासूबाई राहायला आल्या, त्यांच्या पाया पडलो आणि लगेच पाळण्याच्या पायाकडे वळलो.

लाकूड गरगर फिरू लागलं. पटाशी टेकवली, माप जवळ आलं... आणि मोटर बंद!

"काय झालं?" बाजारात निघालेल्या बायकोने दारातून विचारलं.

"काही नाही, दमली असेल. पाच मिनिटांत ताळ्यावर आणतो!"

"नक्की ना? नाहीतर मी येताना तयार पाळणाच घेऊन येते!"

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. प्लग काढला, मोटरचा भुसा झाडला, पट्टा सैल केला. मोटर सुरू! माप जवळ आलं, बंद! कपॅसिटर बदलला. सुरू! पुन्हा माप जवळ आलं, पुन्हा बंद! शेवटी अख्खी मोटर उघडून सतरंजीवर मांडली आणि देवाचं नाव घेत जोडली. तरी तेच! मला अक्षरशः रडू यायचं बाकी होतं. तीन पायांच्या पाळण्यात नातीला कसं झोपवायचं?

दोन वाजता वायरमनला बोलावलं. त्याने दहा मिनिटं लेथ चालवून पाहिला. मोटर एकदाही थांबली नाही!

"काका, मशीन ठणठणीत आहे."

"थांब, आता बघ!" मी पटाशी टेकवली. माप जवळ आलं, बंद!

वायरमनने डोकं खाजवलं. "काका, तुम्ही आत्ता काय पुटपुटलात?"

"कुठे काय? माप जवळ आलं की मी 'बास, बास, बास' म्हणतो. सवयच आहे. मोटरला काय ऐकू येतंय?"

तो लेथच्या बटणाचा बोर्ड बघायला बाहेर पॅसेजमध्ये गेला आणि तिथूनच ओरडला, "काका, बिघाड सापडला! खुर्चीत बसलाय, टोपडं विणतोय!"

धावत गेलो. बोर्डाखाली सासूबाई! तीस वर्षं शाळेत मास्तरीण होत्या. त्यांनी सुईने भिंतीकडे खूण केली. तिथे पाटीवर माझ्याच अक्षरात लिहिलं होतं: 'आतून "बास" ऐकू येताच बटण बंद करावे. दोन मिनिटांनी चालू करावे.'

"एकदाही चुकले नाही हो!" सासूबाई म्हणाल्या. "तुम्ही हळू म्हणालात, तरी ऐकलं!"

वायरमन तोंडावर रुमाल धरून सटकला. मी ओठ घट्ट मिटून पुढच्या अर्ध्या तासात पाय कातला. साडेचारला पाळणा चार पायांवर उभा राहिला, जराही डगमगला नाही! माझे मात्र डोळे भरून आले.

तेवढ्यात बायको रिकाम्या हाताने आली. तयार पाळणा आणलाच नव्हता! मी सगळा किस्सा सांगितला आणि विचारलं, "पण तुझ्यासाठी लिहिलेली ती पाटी तर सहा वर्षांपासून तिथेच आहे, मीच विसरलो होतो. तू असताना मोटर कधीच कशी बंद पडली नाही?"

"अहो," ती पाळण्यात दुपटं अंथरत म्हणाली, "तुमचं मी कधी ऐकलंय का?"